लाइट आली, सर्व्हर चालू झाला, पण अलर्टमॅनेजर पडलेलाच: दर वेळचा हा बिघाड कायमचा कसा घालवायचा

लक्षणं ओळखीची वाटतात का पाहा. उबुंटू, डेबियन किंवा रॉकी लिनक्सच्या एका मशीनवर तुम्ही सर्व्हरवर लक्ष ठेवणारा प्रोमिथियस आणि त्याचे इशारे पोचवणारा अलर्टमॅनेजर बसवले आहेत. बसवताना सगळं सुरळीत झालं, चाचणीचा ईमेलही आला. मग एके दिवशी ऑफिसची लाइट जाते, यूपीएसची बॅटरी संपते आणि मशीन बंद पडतं. लाइट आल्यावर ते आपोआप सुरू होतं. ९०९० पोर्टवर प्रोमिथियसचं पान उघडतं, ग्राफ दिसतात. ९०९३ वर मात्र काहीच नाही, आणि स्टेटसमध्ये लाल अक्षरांत 'फेल्ड'. तुम्ही हाताने स्टार्ट करता, लगेच चालू होतो, मग दिवसेंदिवस नीट चालतो. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

यात चकवा असा की खात्री करायला तुम्ही स्वतः मशीन रीबूट करता तेव्हा अलर्टमॅनेजर व्यवस्थित वर येतो. मग 'तेव्हा काहीतरी झालं असेल' म्हणून विषय सुटतो, किंवा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी सर्व्हिस स्टार्ट करणारी ओळ टाकली जाते. ती ओळ टाकू नका. या बिघाडाला ठोस कारण आहे आणि दुरुस्ती मोजक्या ओळींची आहे.

हा बिघाड अंगावर काढण्यासारखा नाही, कारण या जोडीत कामाची वाटणी ठरलेली आहे. आकडे गोळा करणं आणि नियम तपासणं प्रोमिथियसचं काम. अलर्ट एकत्र करून माणसापर्यंत पोचवणं हे अलर्टमॅनेजरचं. तो पडला तरी प्रोमिथियसच्या पानावर अलर्ट लाल होऊन 'फायरिंग' दिसत राहतो, पण ते पान उघडून कोणी बसलेलं नसतं. डिस्क भरते, बॅकअप थांबतो, आणि फोन शांत असतो म्हणून सगळं ठीक आहे असं सगळे धरून चालतात.

खालच्या आज्ञा वाचनासाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

लॉगमधला पहिला प्रयत्न शोधा

स्टेटसच्या शेवटी एक ओळ दिसते: 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. बरेच जण हेच कारण समजून त्याच्यामागे लागतात. ते कारण नाही, सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने) हात टेकल्याची ती नोंद आहे. खरं कारण तिच्या बरंच वर, पहिल्या प्रयत्नाच्या वेळी लिहिलेलं असतं. त्यासाठी या बूटचा पूर्ण लॉग उघडा:

सुडो जर्नलसीटीएल -यू अलर्टमॅनेजर -बी

आणि अगदी सुरुवातीपासून वाचा. या बिघाडात दोन ओळी हमखास सापडतात. आधी 'क्लस्टर' या घटकाचा इशारा येतो: 'कुडन्ट डिड्यूस ॲन ॲडव्हर्टाइज ॲड्रेस: नो प्रायव्हेट आयपी फाउंड, एक्स्प्लिसिट ॲडव्हर्टाइज ॲड्र नॉट प्रोव्हायडेड'. त्याच्या पाठोपाठ चूक नोंदलेली असते: 'अनेबल टू इनिशिअलाइझ गॉसिप मेश'. त्यानंतर प्रोसेस बंद. हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसेल, आणि वेळेचे शिक्के पाहिले तर हे सगळं काही सेकंदांत आटोपलेलं असेल.

हाताने स्टार्ट केल्यावरही या नोंदी त्याच बूटमध्ये शाबूत असतात. पुन्हा रीबूट केलंत तर मात्र जाऊ शकतात, कारण /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर नसेल तर जर्नल फक्त मेमरीत राहतो. रॉकीसारख्या वितरणांवर सहसा हीच स्थिती असते. तो फोल्डर तयार करा आणि सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा, म्हणजे पुढच्या वेळी पुरावा हाताशी राहील.

अजून एक फरक आत्ताच पाहून घ्या. स्टेटसमध्ये 'फेल्ड' ऐवजी 'इनॲक्टिव्ह' आणि त्याच्या वर 'डिसेबल्ड' दिसत असेल, तर तुमची अडचण अगदीच साधी आहे. सर्व्हिस एनेबल करायची राहून गेली आहे. सिस्टमसीटीएल एनेबल चालवा.

राउटरच्या आधी मशीन उठतं

अलर्टमॅनेजरमध्ये अनेक प्रती एकमेकांशी जोडून चालवायची सोय आहे. दोन प्रती असल्या तर त्या आपसांत बोलतात आणि एकच अलर्ट तुम्हाला दोनदा जात नाही. या बोलण्यासाठी ९०९४ पोर्ट वापरला जातो. अडचणीचा मुद्दा असा की तुमच्याकडे एकच प्रत असली तरी ही सोय मुळातच चालू असते. सुरू होताना अलर्टमॅनेजर 'इतरांना मी माझा पत्ता काय सांगू?' हे ठरवायला बघतो आणि त्यासाठी मशीनवर खाजगी आयपी शोधतो: १० ने सुरू होणारा, १९२.१६८ चा किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला. तेवढ्याने भागत नाही, त्या वाटेवर डिफॉल्ट रूटही (बाहेरच्या नेटवर्ककडे जायचा ठरलेला मार्ग) लागतो. यापैकी एक जरी नसलं तर तो पुढे जात नाही, बंद होतो.

आता लाइट आल्यानंतरचा पहिला मिनिट डोळ्यांसमोर आणा. मशीन आणि राउटर एकाच क्षणी सुरू होतात. एसएसडी असलेलं मशीन काही सेकंदांत सर्व्हिसेस सुरू करायला लागतं. राउटरचे दिवे अजून लुकलुकत असतात आणि त्याने डीएचसीपीने पत्ते वाटायला सुरुवातच केलेली नसते. मशीनला आयपी नाही, डिफॉल्ट रूट नाही. अलर्टमॅनेजर बंद पडतो. युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) रीस्टार्टची ओळ असेल तर सिस्टमडी त्याला पुन्हा उठवतो, पण दोन प्रयत्नांमध्ये मुळात फक्त १०० मिलिसेकंद थांबतो. १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की तो नाद सोडतो, आणि मग माणसाने हात लावेपर्यंत त्या सर्व्हिसकडे बघत नाही. थोड्या वेळाने राउटर तयार होतो, मशीनला आयपी मिळतो, तुम्ही येऊन स्टार्ट करता आणि ती लगेच चालते.

तुमच्या रीबूटच्या चाचणीत हे का दिसत नाही, तेही यातूनच कळतं. तेव्हा राउटर चालूच असतो.

हाच दोष आणखी दोन ठिकाणी दिसतो, फक्त तिथे तो अधूनमधून येत नाही, कायम असतो. पहिलं ठिकाण म्हणजे क्लाउडवरचं असं मशीन, ज्याच्या नेटवर्क कार्डावर थेट सार्वजनिक आयपी आहे आणि खाजगी आयपी नाहीच. दुसरं, बाहेर न जोडलेलं बंदिस्त नेटवर्क, जिथे आयपी आहे पण गेटवे मुद्दाम दिलेला नाही. तिथे लोक 'आयपी तर आहे, मग हा नाही का म्हणतो?' म्हणून हैराण होतात. अडतं ते डिफॉल्ट रूटवर.

दुरुस्ती

एकच अलर्टमॅनेजर चालवत असाल तर ही क्लस्टरची सोय सरळ बंद करा. युनिट फाइलमधल्या एक्झेकस्टार्टच्या ओळीत हा पर्याय जोडा:

--क्लस्टर.लिसन-ॲड्रेस=

बरोबरच्या चिन्हानंतर काहीही लिहायचं नाही. रिकामी अवतरणचिन्हंही देऊ नका. शेलमध्ये ती चालतात, पण युनिट फाइलचे अवतरणाचे नियम वेगळे आहेत आणि शब्दाच्या मध्ये आलेलं चिन्ह तिथे गोंधळ घालू शकतं.

मग सर्व्हिस विभागात या दोन ओळी:

रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=५

पाच सेकंदांच्या अंतराने १० सेकंदांत पाच प्रयत्न बसतच नाहीत, त्यामुळे सिस्टमडी हात टेकत नाही, प्रयत्न करत राहतो. काही ठिकाणी स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=० असं लिहून मर्यादाच काढून टाकलेली दिसते. तेही चालतं, पण ती ओळ युनिट विभागात हवी. सर्व्हिस विभागात टाकली तर सिस्टमडी लॉगमध्ये एक इशारा लिहून तिच्याकडे दुर्लक्ष करतो, आणि तुम्हाला वाटत राहतं की मर्यादा गेली.

मूळ युनिट फाइल थेट बदलण्यापेक्षा सुडो सिस्टमसीटीएल एडिट अलर्टमॅनेजर वापरा, म्हणजे बदल वेगळ्या फाइलमध्ये राहतात आणि अपग्रेडमध्ये पुसले जात नाहीत. तिथे एक्झेकस्टार्ट बदलताना आधी एक रिकामी 'एक्झेकस्टार्ट=' ओळ लिहा, मग त्याखाली पूर्ण नवी ओळ. रिकामी ओळ विसरलात तर सिस्टमडी म्हणतो की एकापेक्षा जास्त एक्झेकस्टार्ट आहेत, आणि सर्व्हिस घेतच नाही. आज्ञा मागे तिरपी रेघ देऊन अनेक ओळींत तोडली असेल तर रेघेनंतर एकही स्पेस राहिलेली नाही ना, ते पाहा. एका न दिसणाऱ्या स्पेसने पुढचे सगळे पर्याय गळून जातात.

डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजमधून बसवलं असेल तर यातला एक्झेकस्टार्टचा खटाटोप नको. तिथे सर्व्हिसचं नाव प्रोमिथियस-अलर्टमॅनेजर असतं आणि पर्याय /ईटीसी/डिफॉल्ट/प्रोमिथियस-अलर्टमॅनेजर या फाइलमधल्या आर्ग्समध्ये जातात. जाता जाता सांगतो, या पॅकेजमध्ये वेब पान तयार करून दिलेलं नसतं. त्यामुळे ९०९३ वर नेहमीचं पान दिसलं नाही तर सर्व्हिस पडली असं लगेच समजू नका, आधी स्टेटस पाहा.

मग डीमन-रीलोड, रीसेट-फेल्ड आणि स्टार्ट, याच क्रमाने.

'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट' आहे की, मग मशीन थांबलं का नाही, हा प्रश्न इथे नेहमी येतो. त्या टार्गेटचा अर्थ 'आयपी मिळाला' असा नाही. त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट आहे, आणि तो आफ्टर आणि वॉन्ट्स अशा दोन्ही ओळींत लिहावा लागतो. नुसतं आफ्टर लिहून तो ओढला जात नाही. ती ओळ जरूर टाका. पण एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नका, कारण या वाट पाहण्यालाही मुदत असते. सिस्टमडी-नेटवर्कडीत ती मुळात १२० सेकंदांची असते, आणि नेटवर्कमॅनेजरमध्ये तर त्याहून कमी. जुना राउटर आणि त्याच्यामागे फायबरचा डबा एवढ्यात तयार होईलच असं नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: क्लस्टर बंद करणं हा इलाज, बाकीचं त्याला आधार.

खरोखरच दोन अलर्टमॅनेजर जोडून चालवत असाल तर मात्र क्लस्टर बंद करून चालणार नाही. तेव्हा पत्ता स्वतः सांगून टाका:

--क्लस्टर.ॲडव्हर्टाइज-ॲड्रेस=१९२.१६८.१.२०:९०९४

मशीनला राउटरमधून तोच आयपी कायमचा बांधून द्या, आणि फायरवॉलमध्ये ९०९४ हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा. यूडीपी बहुतेक वेळा राहून जातो.

चाचणी राउटर बंद ठेवूनच

मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा. नेटवर्कची केबल काढा. मग रीबूट करा. लॉगिन झाल्यावर केबल न लावताच स्टेटस पाहा. 'ॲक्टिव्ह, रनिंग' दिसायला हवं. त्यानंतर एसएस -एलटीएन चालवून ऐकणारे पोर्ट पाहा: ९०९३ असायला हवा, ९०९४ नसायला हवा. ९०९४ अजून दिसत असेल तर तुमचा पर्याय लागू झालेलाच नाही, सिस्टमसीटीएल कॅट अलर्टमॅनेजर करून प्रत्यक्षात कोणती ओळ चालते आहे ते वाचा. हे जमलं की केबल लावा आणि एकदा खरोखर मेन स्विच बंद करून पाहा, सगळ्यांना आधी सांगून.

लक्षण तेच, कारण वेगळं

पहिल्या प्रयत्नाच्या ओळीत आयपीचा उल्लेखच नसेल तर यापैकी काही असू शकतं.

सगळ्यात धोकादायक आहे ती मागेच बिघडलेली कॉन्फिग फाइल. कोणीतरी अलर्टमॅनेजर.वायएमएलमध्ये नवा ईमेल पत्ता घालताना स्पेसऐवजी टॅब दाबला आणि रीलोड केलं. नवी फाइल वाचता आली नाही तर अलर्टमॅनेजर चूक लॉगमध्ये लिहितो आणि मेमरीतल्या जुन्या कॉन्फिगवरच काम चालू ठेवतो. बाहेरून काहीही बदललेलं दिसत नाही, अलर्ट येत राहतात. महिन्याभराने लाइट जाते, मेमरी रिकामी होते, आणि वर येताना वाचायला उरते ती फक्त बिघडलेली फाइल. दोष त्या दिवशीचा नसतो, म्हणून तो शोधताना जीव मेटाकुटीला येतो. प्रत्येक बदलानंतर, रीलोडच्या आधी, अलर्टमॅनेजरसोबत येणारं ॲमटूल चेक-कॉन्फिग चालवायची सवय लावा. शिवाय अलर्टमॅनेजर_कॉन्फिग_लास्ट_रीलोड_सक्सेसफुल हा आकडा शून्य झाला की अलर्ट पेटेल असा नियम प्रोमिथियसमध्ये लिहा. तेव्हा अलर्टमॅनेजर अजून चालू असतो, त्यामुळे हा अलर्ट तुमच्यापर्यंत पोचतो.

दुसरं, परवानग्या. 'जरा चालवून बघू' म्हणून कोणी सुडो लावून अलर्टमॅनेजर हाताने चालवला की /व्हार/लिब/अलर्टमॅनेजरमधल्या सायलेन्सेस आणि एनएफलॉग या फाइल रूटच्या मालकीच्या होऊ शकतात. नंतर सर्व्हिस आपल्या साध्या युजरने उठते आणि 'परमिशन डिनाइड' म्हणून पडते. सीएचओन -आर करून मालकी परत द्या. स्टोरेज.पाथ हा पर्याय दिलेलाच नसेल तर अलर्टमॅनेजर चालू फोल्डरमध्ये डेटा नावाचा फोल्डर करू पाहतो आणि तिथेही हीच तक्रार येते, म्हणून पूर्ण मार्ग लिहूनच द्या.

स्टेटसमध्ये २०३ आणि एक्झेक दिसलं तर प्रोग्रॅम सुरूच होऊ शकलेला नाही. रॉकी किंवा फेडोरावर बायनरी होम फोल्डरमधून एमव्हीने हलवली असेल तर तिच्यावर एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचं जुनं लेबल राहतं, ते रीस्टोरकॉनने सुधारतं. त्यासाठी अख्खं एसईलिनक्स बंद करू नका. रास्पबेरी पायवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' आला तर डाउनलोड चुकीच्या प्रोसेसरचं आहे. २१७ आणि युजर दिसलं तर युनिट फाइलमध्ये लिहिलेला युजर मशीनवर नाही.

आणि एक खास लाइट जाण्याशी जोडलेलं कारण: घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. जुन्या रास्पबेरी पायमध्ये तर स्वतःचं घड्याळच नसतं. अशा वेळी अलर्टमॅनेजर चालू असतो, ९०९३ उघडतं, पण ईमेल जात नाही, आणि लॉगमध्ये सर्टिफिकेट 'अजून वैध नाही' अशी तक्रार असते. टाइमडेटसीटीएलने वेळ पाहा, वेळ जुळवणारा क्रोनी चालू आहे याची खात्री करा, आणि तो सेल बदला. खर्च किरकोळ आहे.

सर्व्हिस चालू आहे, अलर्ट येत नाही

इथे तपासणी मागून पुढे करा. ॲमटूल अलर्ट ॲड वापरून एक खोटा अलर्ट थेट अलर्टमॅनेजरला द्या. ईमेल आला तर दोष प्रोमिथियसच्या बाजूला आहे: बहुतेक वेळा प्रोमिथियस.वायएमएलमधल्या अलर्टिंग विभागात लोकलहोस्ट:९०९३ लिहायचं राहिलेलं असतं, किंवा रूल_फाइल्सचा मार्ग चुकलेला असतो. ईमेल नाही आला तर मेलची जोडणी बघा. जीमेल असेल तर ५८७ पोर्ट आणि ॲप पासवर्ड लागतो, नेहमीचा पासवर्ड २०२२ पासून चालत नाही. निष्कर्ष काढायच्या आधी थोडं थांबा, कारण पहिला अलर्ट ग्रुप_वेटमुळे मुळातच ३० सेकंद उशिरा निघतो, आणि तोच अलर्ट पुन्हा ४ तासांनी येतो.

पहारेकऱ्यावर पहारा

अलर्टमॅनेजर पडला तर कळावं म्हणून प्रोमिथियसमध्ये नियम लिहिता येतो, पण तो अलर्ट जाणार त्याच पडलेल्या अलर्टमॅनेजरमार्फत. म्हणून उलटी व्यवस्था करा. वॉचडॉग नावाचा एक अलर्ट ठेवा, ज्याची अट फक्त व्हेक्टर(१) आहे, म्हणजे तो कायम पेटलेला राहतो. त्याच्यासाठी वेगळा रूट करून रिपीट_इंटरव्हल ५ मिनिटं द्या आणि तो वेबहुकने (वेब पत्त्यावर आपोआप जाणाऱ्या निरोपाने) ऑफिसबाहेरच्या एखाद्या सेवेला पाठवा. हेल्थचेक्स हे त्यासाठीचं ओपन सोर्स साधन आहे, स्वतःच्या दुसऱ्या सर्व्हरवरही बसवता येतं. वॉचडॉगचा निरोप १५ मिनिटं आला नाही की ती सेवा तुम्हाला कळवते. अलर्टमॅनेजर पडला असो, इंटरनेट गेलं असो की ऑफिसची लाइट, तिन्ही वेळा फोन वाजतो.

एवढं करूनही सर्व्हिस वर येत नसेल तर मदत मागताना तीन गोष्टी सोबत द्या: पहिल्या प्रयत्नाच्या लॉगमधल्या वीसेक ओळी, सिस्टमसीटीएल कॅटचं पूर्ण आउटपुट, आणि अलर्टमॅनेजरची आवृत्ती. कॉन्फिग फाइल द्यावी लागली तर एसएमटीपीचा पासवर्ड आणि वेबहुकचे पत्ते आधी काढून टाका.